उस्तादाचा अंगठा

"...म्हणजे दोष सुताराचाच ठरतो ना, उस्ताद? सांगा की! कागदावर तसंच लिहिलंय."

म्हातारा सोनार एंगेब्रेक्ट आपल्या दुकानात काम करत बसला होता. चिमट्यात धरलेली चांदीची तार त्याने खिडकीच्या उजेडात नेली, डोळा बारीक करून पाहिली आणि परत ठेवून दिली.

सिवर्ट हाउगनने कागद मेजावर पुढे सरकवला.

नॉर्वेतल्या त्या डोंगराळ गावी पोचायला त्याला बर्फावरच्या गाडीतून दोन दिवस लागले होते. आणि आला होता कोण? कोणी ऐरागैरा नव्हे! याच दुकानात सोनारकाम शिकलेला, पुढे राजधानीत जाऊन इमारती बांधायला शिकलेला, आता राहतो त्या शहराचं टपालघर, शाळा, नाट्यगृह ज्याच्या नकाशावरून उभं राहिलं तो. वर नगरसभेचा अध्यक्ष. रस्त्यात लोक त्याला टोपी काढून नमस्कार करत. अजूनही करत... पण आता नजर चुकवून.

कारण गेल्या महिन्यात त्याने बांधलेल्या प्रार्थनाघराचं छप्पर बर्फाच्या भाराने खाली आलं होतं. वार रविवार. आत माणसं बसलेली. अकरा गेली.

चौकशी केली नगरसभेनेच. आपलेच दात आणि आपलेच ओठ, दुसरं काय होणार? निकाल लागला की छपराचे सांधे कच्चे होते, सबब दोष सुतार तोर्स्टेनचा. खाली अध्यक्षांची सही तेवढी राहिली होती.

"सुतार काय म्हणतो?" म्हाताऱ्याने विचारलं.

"तो... तो आतच होता, उस्ताद. अकरांतला एक."

"घरी कोण आहे?"

"बायको. रागना नाव तिचं. तिला पाववाला पाव देत नाही. परवा तिच्या दारावर कुणीतरी काजळीने 'खुनी' असं लिहून ठेवलं."

"आणि तू सही करणार."

"मी विचारायला आलोय!"

"विचारायला नाही आलास. माझ्याकडून हो म्हणवून घ्यायला आलायस."

कान सोनारानेच टोचावेत म्हणतात, ते काही उगीच नाही. सिवर्टचा चेहरा खाड्कन उतरला. त्याने कागद परत घेण्यासाठी हात पुढे केला, पण घेतला नाही.

"वासे किती जाड होते?" म्हाताऱ्याने विचारलं.

"नकाशात होते तेवढे."

"नकाशा कोणाचा?"

"...माझा."

"सुतार काहीच बोलला नव्हता?"

बाहेर वळचणीवरून बर्फाचा एक थर घसरला, धप्पकन खाली पडला. सिवर्ट केवढ्याने तरी दचकला. महिनाभर हे असंच चाललं होतं त्याचं.

"बोलला होता," तो हळूच म्हणाला. "म्हणाला, साहेब, वासे बारीक वाटतात हो. आमच्याकडचा बर्फ ओला पडतो, ओला बर्फ फार जड. मी हसलो. सगळ्या गड्यांसमोर म्हणालो, बाबा रे, तू आपला गोठे बांध! मी केसाएवढ्या तारेची जाळी विणलेला माणूस, आणि तू मला भार शिकवतोस?"

"मग?"

"मग काय... गडी हसले. तोही हसला बिचारा. आणि मी सांगितलं तसं त्याने काम केलं. चांगलं केलं, उस्ताद! मी ढिगाऱ्यात उतरून पाहिलंय. एक सांधा सुटलेला नाही. वासे मोडलेत... माझे वासे."

झालं! महिनाभर घशात अडकलेलं एकदाचं बाहेर पडलं. पन्नाशी उलटलेला, जरीच्या कॉलरचा तो माणूस तिथल्या तिपाईवर बसला आणि लहान पोरासारखा ढसाढसा रडला. म्हाताऱ्याने त्याला रडू दिलं. पाठीवर हात ठेवला नाही, की पाणी विचारलं नाही.

आता त्या दुकानाची एक रीत सांगायला हवी. तिथे बनायचे ते नवरीने छातीवर लावायचे ब्रोच. चांदीची जाळी, वर सोन्याचं पाणी. ब्रोच कितीही सुबक उतरला तरी त्यावर दुकानाचा शिक्का मारण्याआधी उस्ताद तो पालथा करायचा आणि मधोमध अंगठा दाबायचा. अंगावर घालायची वस्तू ती. उद्या त्या नवरीला लेकरू होणार, ते छातीशी लोंबकळणार, ओढणार. दबला ब्रोच, की सरळ मुशीत! मग महिन्याची मेहनत असो नाहीतर वर्षाची. सिवर्टचे सात ब्रोच असे वितळले होते. तेव्हा तो चिडून म्हणायचाही, की मी इमारतीच बांधीन, बघू तिला कोण अंगठा लावतो ते.

आठवा ब्रोच मात्र वितळला नाही. तोच त्याच्या परीक्षेचा. त्याच्यावर तो पक्का सोनार ठरला, राजधानीत त्याचं नाव झालं. तीस वर्षं तो ब्रोच दुकानाच्या भिंतीवर काचेआड टांगलेला होता.

म्हाताऱ्याने काच उघडली. ब्रोच काढला, पालथा करून सिवर्टच्या तळहातावर ठेवला.

"दाब."

"हा? उस्ताद, हा तर..."

"दाब म्हणतो ना."

सिवर्टने अंगठा ठेवला. फारसा जोरही लावला नाही त्याने. जाळी कर्रकन आत गेली, आणि मधलं फूल चपटं होऊन त्याच्या बोटाला चिकटलं.

तो बघतच राहिला.

"पण यावर तर तुमचा शिक्का आहे! शिक्क्याआधी तुम्ही अंगठा..."

"नव्हता लावला."

"का?"

म्हाताऱ्याने भिंतीवरची रिकामी काच लावून घेतली.

"फार देखणा होता रे. राजधानीतून परीक्षक आले होते, सगळे वाहवा करत होते. हा माझा शिष्य, असं मला मिरवायचं होतं. मला ठाऊक होतं तो दबणार... मी हात खिशातच ठेवला."

खोटं कशाला सांगू, सिवर्टला क्षणभर हायसं वाटलं. बुडत्याला काडीचा आधार, तसं.

"म्हणजे... म्हणजे मुळात चूक तुमची!" तो उठून उभाच राहिला. "तेव्हाच दाबला असतात तर मी असा झालोच नसतो!"

"हो," म्हातारा म्हणाला.

सिवर्टला वाटलं होतं, आता वाद होईल. पण एंगेब्रेक्टने दौत पुढे ओढली, टाक बुडवला आणि चौकशीच्या कागदावर जिथे तोर्स्टेनचं नाव होतं तिथे सावकाश एक आडवी रेघ मारली. शेजारी स्वतःचं नाव लिहिलं. अक्षर वेडंवाकडं आलं, पण वाचता येत होतं.

"अहो, हे काय करताय! तुम्ही त्या शहरात कधी पाऊलही टाकलं नाहीत! लोक शेण फेकतील तुमच्या दारावर."

"फेकू देत."

"याने ती अकरा माणसं परत येणार आहेत?"

"नाही."

"रागनाचा नवरा?"

"नाही."

"मग कशासाठी? कशासाठी, उस्ताद?"

म्हातारा कागदावर फुंकर घालत होता. सिवर्टचा आवाज अगदी खाली आला.

"माझी शाळा आहे तिथे. दारावर माझं नाव कोरलंय. रागनाची मुलगी त्याच शाळेत जाते... मी खरं सांगितलं तर ते नाव कुणी ठेवणार नाही. टपालघरावरचंही नाही. माझ्या बायकोला पाववाला पाव देणार नाही. आणि नाही सांगितलं, तर झोप नाही, अन्न गोड लागत नाही, छपराखाली बसवत नाही मला! दोन्हीकडून मेलोच की मी. नाव गेल्यावर माझ्याजवळ राहणार काय?"

म्हाताऱ्याने कागद फिरवून त्याच्या समोर ठेवला. टाक शाईत बुडवून त्याच्या हातात दिला.

"ते मला ठाऊक नाही, बाबा. माझ्या नावाखाली जागा आहे."