डोलीची दोन टोकं

“पण चुकतंय कोण, एवढंच सांगा ना, बाबा. मी की ते तिघं?”

यशोधन हे तिसऱ्यांदा विचारत होता. धाकूबाबा ढेबे घोंगडीचा सुटलेला धागा ओवत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

धनगरवाड्यापासून खालच्या डांबरी सडकेपर्यंत दीड तासाची उतरण. नुसती पायवाट. आजारी माणूस खाली न्यायचं तर लांब बांबूला झोळी बांधायची आणि दोघांनी दोन टोकं खांद्यावर घ्यायची. तीच डोली. धाकूबाबांनी ती पन्नास वर्षं वाहिली होती. दोन वर्षांपूर्वी यशोधन महिनाभर त्यांच्याजवळ राहून ते काम शिकला आणि पुण्यात सगळ्यांना सांगत सुटला, की माझे गुरू डोंगरात असतात. गुरूंना ही बातमी कुणी कळवली नव्हती.

आता बाबांची नातसून भागी हिचे दिवस भरत आले होते. पंधरा दिवसांत तिला खाली न्यावं लागणार होतं. जुनी डोली हिसके देते, म्हणून भागीसाठी नवी मी घेऊन येईन, असा शब्द यशोधननं दिला होता.

हे काम त्याचं एकट्याचं नव्हतं. बांबूसाठी कुडाळकडची अनसूया बुरूड होती. कड्या-आकड्यांसाठी कोल्हापूरचे इस्माईल मिस्त्री. आणि सातपुड्यातल्या दवाखान्यात बारा वर्षं झोळीतून आलेले रोगी उतरवून घेणारी रोझलीन सिस्टर. चौघं चार दिशांना. फोनवरून तीन महिने नुसती जुंपली होती.

“अनसूयाबाई म्हणते, दांडा लवला पाहिजे. मिस्त्री म्हणतात, लवता कामा नये. सिस्टरला दोन्हीशी देणंघेणं नाही, तिला फक्त रोग्याचं डोकं मागच्या बाजूला हवं. का, ते सांगत नाही. म्हणते, दोन दिवस इथे येऊन बघा. एक वितीनं मोजतो, एक इंचानं… प्रत्येकाला आपापलंच दिसतं, बाबा!”

“मग?”

“मग म्हटलं, आठ दिवस सगळे पुण्याला या. एका खोलीत बसू, एकमत करू आणि मगच उठू.”

“आले?”

“मिस्त्री तयार होते. सिस्टर म्हणाली, रोगी सोडून येणार नाही. आणि अनसूयाबाई…”

“काय म्हणली?”

“म्हणाली, बांबू काय तुमच्या खोलीत उगवतो?”

दारात बसलेली भागी फिसकन हसली. यशोधनचे कान लाल झाले.

“म्हणून तिघांनाही सोडलं. मी एकट्यानं केली. ही बघा!”

अंगणात नवीकोरी डोली पडली होती. दांडा ॲल्युमिनियमचा, हलका, सरळसोट. लांबीला जुन्यापेक्षा पुरता हातभर कमी, म्हणजे वाहणारे दोघं जवळ राहतील आणि ओरडाआरडा करावा लागणार नाही. वाहायला माणसंसुद्धा त्यानं वाड्यावरून निवडून ठेवली होती. सोमा आणि बिरू. दोघंही एका उंचीचे, अगदी टेप लावून बघितलेले.

“तुम्ही फक्त हो म्हणा,” यशोधन म्हणाला. “भागीवहिनी यातूनच जाणार.”

धाकूबाबांनी घोंगडी बाजूला ठेवली.

“तू नीज तिच्यात.”

“मी?”

“तुझीच हाय न्हवं?”

यशोधन ताठ्यात जाऊन झोळीत आडवा झाला. सोमानं पुढचं टोक उचललं, बिरूनं मागचं. पायवाट सुरू झाली आणि लगेच उतरली.

दोघं सारख्या उंचीचे, आणि वाट काही सपाट नव्हती. पुढचा खाली गेला, मागचा वर राहिला. यशोधनचे पाय झोळीत घसरत घसरत सोमाच्या पाठीला जाऊन टेकले. दांडा आखूड, म्हणून मागून बिरूचा गुडघा त्याच्या डोक्यात बसला. एकदा, दोनदा, मग पावलागणिक. सोमा गप्प होता, कारण ओरडायचं नाही असं त्याला बजावलेलं होतं. दगड आला. सोमानं तो ओलांडला, बिरूला दिसलाच नाही.

“थांबा! थांबा म्हणतो ना!”

थांबले. यशोधन झोळीतून कसाबसा बाहेर आला. कोपर सोलून निघालं होतं. खरं सांगायचं तर कोपरापेक्षा भागी वरून बघते आहे हेच त्याला जास्त झोंबलं.

“पहिलाच दिवस आहे,” तो म्हणाला. “सरावानं जमेल.”

धाकूबाबा वळले. वळचणीची जुनी डोली त्यांनी काढून आणली. बांबू काळा पडलेला, पण चांगला लांब. त्यांनी शेजारच्या मारुतीला हाक मारली. मारुती वाड्यावरचा सगळ्यात उंच गडी, आणि धाकूबाबा स्वतः सगळ्यात बुटके.

“बाबा, ही जोडी कशी जमणार? केवढं अंतर पडतंय उंचीत!”

“नीज.”

उंच मारुती पुढे, बुटके धाकूबाबा मागे. यशोधनचे पाय पुढे, डोकं मागे. उतरण लागली… आणि झोळी घरातल्या पाळण्यासारखी सपाट राहिली. बांबू मधोमध लवत होता, पावलाचा हिसका आपल्यातच जिरवत होता. यशोधननं ते ओळखलं आणि ओळखल्याचा त्याला रागच आला.

“दगूड, डाव्या हाताला!” मारुती ओरडला.

“आला,” मागून धाकूबाबा.

“निसरडं हाय!”

“हं.”

मारुतीनं एकदाही मागे वळून पाहिलं नाही. धाकूबाबांनी वाटेकडे पाहिलंच नाही. ते सबंध वेळ खाली, यशोधनच्या तोंडाकडे बघत होते.

“पोराचा रंग उतरलाय. हळू घे,” ते म्हणाले.

मारुतीची चाल मंदावली.

अंगणात परत आल्यावर यशोधन बराच वेळ बांबूला हात लावून उभा राहिला. सिस्टरला डोकं मागे का हवं होतं, ते त्याला कळून चुकलं होतं. कळलं म्हणून माणूस लगेच वाकतो असं थोडंच आहे? तो उसळून म्हणाला,

“तरीसुद्धा मला पटत नाही! हाका मारत चालायचं ही काय पद्धत झाली? पुढच्याला वाट दिसते, रोगी दिसत नाही. मागच्याला रोगी दिसतो, वाट दिसत नाही. एकाला कळतं ते दुसऱ्याला ओरडून सांगायचं, त्यानं ते निमूट खरं मानायचं. मध्येच ऐकू नाही गेलं तर? दोघं एका जागी असले, दोघांना एकच दिसलं, तर भांडणाला जागाच उरणार नाही. मी एवढंच म्हणतोय, बाबा. एवढंच म्हणतोय मी तीन महिने!”

धाकूबाबांनी जुनी डोली जमिनीवर पसरली.

“बरं,” ते म्हणाले. “तू म्हणशील तसं. भागे, पोतं आण गं नाचणीचं. झोळीत टाकू.”

“पोतं कशाला?” भागी उठली. दाराच्या चौकटीला धरून सावकाश उठली, पण आवाजात माघार नव्हती. “जायचंय मला. तवा मीच निजते.”

कुणी काही बोलायच्या आत ती अंगणात आली आणि जमिनीवर पसरलेल्या झोळीत आडवी झाली. दोन्ही हात पोटावर.

“धर, पुढं हो,” धाकूबाबा म्हणाले.

यशोधननं जुन्या बांबूचं पुढचं टोक दोन्ही हातांनी धरलं. बाबा मागे जाऊन दुसरं टोक उचलतील म्हणून वाट बघत राहिला.

बाबा मागे गेलेच नाहीत. ते सावकाश चालत त्याच्याजवळ आले. त्याच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले आणि त्यांनीही तेच टोक धरलं.

दोघांनी मिळून ते गुडघ्यापर्यंत उचललं. मागचं टोक मातीत होतं. भागीचे पाय जरासे उचलले गेले, पाठ जमिनीवरच राहिली. ती कोपरावर टेकून दोघांकडे बघू लागली.

“बाबा…”

“हं.”

“मागं कोण?”

धाकूबाबांनी समोरच्या वाटेकडे बोट केलं. दगड दोघांनाही दिसत होते. निसरडंही दिसत होतं.

“बाबा, मागं कुणीच नाही!”

“चल की,” धाकूबाबा म्हणाले. “आता भांडण न्हाई.”