डावीकडच्या लाटा

"अण्णा, या लाटा काढू की राहू देऊ?"

शार्दूलनं छापून आणलेला फोटो सतरंजीवर ठेवला आणि डाव्या कोपऱ्यात बोट टेकवलं.

फोटोत एक शेकाट्या होता. लाल, काटकीसारखे लांबलचक पाय, काळे पंख, पांढरं पोट. सकाळचं निवांत पाणी आणि त्यात त्याचं प्रतिबिंब. डावीकडे मात्र चार-पाच गोल लाटा उठल्या होत्या. कुठून उठल्या, ते फोटोवरून कळत नव्हतं.

"तेवढ्या गेल्या की प्रदर्शनाला पाठवतो. मग पहिला नंबर कुठं जात नाही!"

शार्दूलचा स्वभावच तसा. आणि खरं सांगायचं तर आम्हा बाकीच्यांचाही फार वेगळा नव्हता.

अण्णा फणसे निवृत्त चित्रकला शिक्षक. दर रविवारी सकाळी आम्ही पाच-सहा पक्षीवेडे त्यांच्या बाहेरच्या खोलीत जमायचो. नियम अण्णांनीच घालून दिलेला. ज्याचा फोटो, त्यानं तोंड उघडायचं नाही. बाकीच्यांनी प्रत्येकी एकच गोष्ट सांगायची... यातलं काय काढावं. पुढच्या रविवारी तो ते काढून आणायचा. असं करत करत या फोटोतून एक मोडकी फांदी गेली, गवताचा पुंजका गेला, दुसऱ्या कुठल्याशा पक्ष्याची शेपटी गेली.

त्या रविवारी अण्णांनी फोटो हातातही घेतला नाही.

"लाटा कसल्या आहेत या?"

"गेणूभाऊंच्या. ते तिथं उभे होते ना. त्यांना मागेच फोटोतून काढलं."

गेणूभाऊ नगरे म्हणजे धरणाच्या फुगवट्यावरचे आमचे नावाडी. आठ वर्षं आम्हाला होडीतून हिंडवत होते. त्या दिवशी शेकाट्या काही केल्या उजेडाकडे सरकेना. शार्दूल वैतागला, तसे गेणूभाऊ न सांगता होडीतून उतरले, गाळ तुडवत लांबून वळसा घालून पलीकडे गेले आणि गुडघाभर पाण्यात जाऊन उभे राहिले. पक्षी सावकाश उजेडात आला. शार्दूलनं फोटो घेतला. त्यात गेणूभाऊही आले.

"काढ म्हणून कोण म्हणालं?"

मी सतरंजीचा दोरा उपटत बसलो होतो.

"मी," म्हटलं. "नजर सारखी त्या माणसाकडे जाते, असं म्हणालो होतो."

"आणि मी मान डोलावली." अण्णा स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले.

...

"चेहरा दिसत होता त्याचा?"

"स्वच्छ दिसत होता. टोपी मागे सरकलेली, हसत होते. पण अण्णा, पक्ष्याच्या फोटोत माणूस..."

"मूळ फोटो आहे?"

"नाही हो. हार्ड डिस्क भरली होती, तेव्हा जुने सगळे पुसून टाकले."

"त्याचा दुसरा एखादा?"

शार्दूलनं मान हलवली. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मग एकेक करून सगळ्यांकडे. कुणाकडेच नव्हता. आठ वर्षांत आम्ही हजारोंनी फोटो काढले असतील, बगळ्याच्या मानेतला मासासुद्धा सोडला नाही. पण नावाडी बसतो आपल्या पाठीमागे. मागे वळून कोण बघतंय!



"गेणू गेला," अण्णा म्हणाले. "परवा तेरावा झाला."

शार्दूलनं फोटोवरून हात मागे घेतला.

"काय सांगता! अहो, गेल्या महिन्यात तर फोनवर बोललो मी. रोहित पक्षी आलेत, या म्हणाले..."

"छातीत कळ आली. होडी काठाला लावली आणि तिथंच..."

मला त्या फोटोकडे बघवेना.

अण्णांनी आतल्या खोलीकडे वळून हाक मारली. "सारिका, ये गं बाहेर."

गेणूभाऊंची मुलगी बाहेर आली. पहाटेच्या एसटीनं आली होती. छातीशी कापडी पिशवी धरलेली. तिनं पिशवीतून काचेची नवीकोरी फ्रेम काढली. रिकामी होती.

"आधारकार्डावरचा फोटू हाय," ती म्हणाली, "पर त्यात तात्या आमच्या तात्यांवानी दिसतच न्हाईत. आई म्हणली, शहरातली साहेब लोकं इतकी वर्सं फोटू काढत्यात, त्यांच्याकडं असंलच एखादा. अण्णापण म्हणले, असंल."

"म्हणालो होतो," अण्णा म्हणाले.

तिची नजर सतरंजीवरच्या फोटोवर गेली. चेहरा उजळला. ती गुडघ्यांवर बसली आणि फोटो जवळ ओढून घेतला.

"ही आमच्याच फुगवट्यावरची जागा! तात्या कुठंयत ह्यात?"

तिनं पुन्हा फोटोत शोधलं. मग आमच्याकडे पाहिलं, एकेकाकडे. मी मान खाली घातली. लाज वाटली, दुसरं काय सांगू!

अण्णा कसेबसे खाली बसले. त्यांनी पोरीचा हात धरला आणि तिचं बोट त्या लाटांवर नेऊन ठेवलं.

"इथं उभा होता."

बोट तसंच ठेवून ती बघत राहिली.

मग तिनं फ्रेम उचलली आणि हळूच फोटोच्या डाव्या कोपऱ्यावर ठेवली. काचेखाली नुसतं पाणी दिसत होतं आणि त्या चार-पाच लाटा. ती फ्रेम जराशी इकडे सरकवायची, जराशी तिकडे. लाटा मधोमध आल्या, तेव्हा थांबली. तिच्या डोळ्यांतून टपटप पाणी पडत होतं, आणि पडलं की ती ओढणीनं काच पुसत होती.

शार्दूल रडायलाच लागला.

"अण्णा, चुकलं माझं. काय करू मी आता? सांगा ना काहीतरी..."

अण्णांनी फोटोवरची नजर काढली नाही.

"मघाशी मला जे विचारलंस ना," ते म्हणाले, "ते आता हिला विचार."