चुंकाबाईच्या दारात गाडी

एवढीशी होती एक चिचुंद्री. एवढीशी म्हणजे केवढीशी? तुझ्या मुठीत मावेल आणि शेपूट तेवढी बाहेर लोंबेल, एवढीशी. तिचं नाव चुंकाबाई. डोळे बारीक, नाक लांब. चालायची तुरुतुरु, बोलायची चुंक चुंक.

पेठेतल्या फुटपाथला एक फट होती. फटीच्या आत चुंकाबाईचं घर होतं. घरात पाच पिल्लं होती. चार मोठी, आणि एक धाकटी टिकली. बाहेर पडायचं तर त्यांची एक रीत होती. पहिल्या पिल्लानं आईची शेपूट तोंडात धरायची. दुसऱ्यानं पहिल्याची, तिसऱ्यानं दुसऱ्याची. अशी सगळ्यांची माळ निघायची. टिकली सगळ्यात मागे.

एका सकाळी चुंकाबाई एकटीच खाऊ आणायला गेली. पिल्लांना सांगून गेली, शहाण्यासारखी बसा, मी आलेच. गटाराच्या कडेला तिला एक लठ्ठ झुरळ मिळालं. ईऽऽ काय म्हणतोस? चिचुंद्रीला झुरळ म्हणजे आपल्याला लाडू. तो लाडू तोंडात धरून चुंकाबाई निघाली घरी. तुरुतुरु, तुरुतुरु.

येऊन बघते तो काय, दारच नाही.

दाराच्या जागी एक काळं चाक. चाकावर एक लालभडक गाडी. नवी कोरी, पूजा झालेली, पुढे हा एवढा झेंडूचा हार घातलेली. आणि चढून बसली होती कुठे? थेट फुटपाथवर.

आतून आवाज आला. चुंक. चुंक. सगळ्यात बारीक चुंक टिकलीची होती. चुंकाबाई चाकाला भिडली. तिनं नाकानं चाक ढकललं. पायानं ढकललं. पाठ लावून ढकललं. चाक कसलं हलतंय.

मग चुंकाबाईनं झुरळ खाली ठेवलं, मान वर केली आणि म्हणाली,

"गाडीताई, गाडीताई, जरा हल की.
दार काही उघडेना,
पिल्लं माझी आत,
कुणी देता का हात?"

गाडी म्हणाली, "मी नाही हलत. क्रेनवाल्या चाचांचा आकडा खाली आला, तर हलेन."

तिचं तरी काय चुकलं? चावी होती मालकाच्या, पोपटरावांच्या खिशात. आणि पोपटराव गेले होते घरोघर नव्या गाडीचे पेढे वाटायला.

चुंकाबाईनं झुरळ उचललं आणि निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

वडाखाली क्रेन उभी होती. चुकीच्या जागी लावलेल्या गाड्या उचलणारी क्रेन. तिचा लोखंडी आकडा उंच टांगलेला. क्रेनवाले शब्बीरचाचा बशीत चहा ओतून फुंकत होते. फू फू फू. चुंकाबाईनं झुरळ खाली ठेवलं, मान वर केली आणि म्हणाली,

"चाचा, चाचा, आकडा सोडा.
गाडी काही हलेना,
दार काही उघडेना,
पिल्लं माझी आत,
कुणी देता का हात?"

चाचा म्हणाले, "मी नाही आकडा सोडत. मामांची शिट्टी वाजली, तर सोडेन."

शिट्टीवाचून कुणाची गाडी उचलली, तर लोक अंगावर येतात म्हणे. चाचांचंही खरंच होतं.

चुंकाबाईनं झुरळ उचललं आणि निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

चौकात पोलीसचौकी होती. चौकीत हवालदार भिसेमामा बसले होते. मामांच्या मिशा ह्या एवढ्या, इकडून तिकडे. गळ्यात चकचकीत शिट्टी. चुंकाबाईनं झुरळ खाली ठेवलं, मान वर केली आणि म्हणाली,

"मामा, मामा, शिट्टी फुंका.
आकडा खाली येईना,
गाडी काही हलेना,
दार काही उघडेना,
पिल्लं माझी आत,
कुणी देता का हात?"

मामा म्हणाले, "मी नाही शिट्टी फुंकत. अक्कांचा फोटो आला, तर फुंकेन."

मामांचं काम सगळं रीतसर. आधी तक्रार हवी. तक्रारीबरोबर गाडीचा फोटो हवा. फोटोत गाडीचा नंबर हवा. आणि पेठेत फोटो काढून धाडणारी एकच, फुलवाली गोदाक्का. तिच्या पदराला फोन बांधलेला असायचा.

चुंकाबाईनं झुरळ उचललं आणि निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. पाय दुखायला लागले होते. पण आत टिकली होती ना.

देवळाच्या पायरीशी गोदाक्का हार गुंफत बसली होती. चुंकाबाईनं झुरळ खाली ठेवलं मात्र, अक्कानं दोन्ही पाय पाटावर घेतले आणि डोळे मिटले. झुरळाला ती फार घाबरायची. तरी चुंकाबाई मान वर करून म्हणाली,

"अक्का, अक्का, फोटो काढा.
शिट्टी काही वाजेना,
आकडा खाली येईना,
गाडी काही हलेना,
दार काही उघडेना,
पिल्लं माझी आत,
कुणी देता का हात?"

अक्का डोळे न उघडताच म्हणाली, "मी नाही फोटो काढत. शेळीनं हार खाल्ला, तर काढेन."

आता हे काय मध्येच? तर सांगते. गाडीची पाठ होती भिंतीला, आणि पुढचा नंबर त्या झेंडूच्या हाराखाली लपला होता. हार गुंफला होता गोदाक्कानंच, सकाळी सकाळी, चांगला दीड हात लांब. पोपटराव म्हणाले मोठा करा, तिनं मोठा केला. चूक झाली खरी. पण पूजेचा हार आपल्या हातानं ओरबाडायचा नाही, असा तिचा नेम होता. शेळीनं खाल्ला तर शेळीला कोण बोलणार?

चुंकाबाईनं झुरळ उचललं आणि निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

देवळामागच्या भिंतीला टेकून ढवळी शेळी उभी होती. तीनच पायांवर. चौथा पाय वर उचललेला. चुंकाबाईनं झुरळ खाली ठेवलं, मान वर केली आणि म्हणाली,

"शेळीमावशी, शेळीमावशी, हार खा.
फोटो काही निघेना,
शिट्टी काही वाजेना,
आकडा खाली येईना,
गाडी काही हलेना,
दार काही उघडेना,
पिल्लं माझी आत,
कुणी देता का हात?"

झेंडूचं नाव ऐकून शेळीच्या तोंडाला पाणी सुटलं. पण ती म्हणाली, "मी नाही हार खात. गोचिडानं पाय सोडला, तर खाईन."

शेळीच्या खुराशी एक गोचीड घट्ट चिकटून बसला होता. पाय टेकला की चावायचा. पाय टेकायचा नाही, तर गाडीपर्यंत जायचं कसं?

आता कुठेच जायचं नव्हतं. गोचीड तिथंच होता. चुंकाबाईनं मान वर केली आणि म्हणाली,

"गोचीडभाऊ, गोचीडभाऊ, पाय सोड.
शेळी हार खाईना,
फोटो काही निघेना,
शिट्टी काही वाजेना,
आकडा खाली येईना,
गाडी काही हलेना,
दार काही उघडेना,
पिल्लं माझी आत,
कुणी देता का हात?"

गोचीड म्हणाला, "मी नाही सोडत."

एवढंच. पुढे ‘तर’ नाही, बीर नाही. पुढचं नावच नाही.

चुंकाबाई मटकन खाली बसली. आता कुणाकडे जायचं? पेठ संपली, माणसं संपली, शेळीसुद्धा संपली. तिकडे टिकली अंधारात चुंक चुंक करत असेल. चुंकाबाईला रडू आलं. नाकाच्या शेंड्यावरून टपकन एक थेंब पडला.

आणि रडता रडता तिचं नाक हललं.

हुंग हुंग. हा कसला वास? गोल गोल वास. लठ्ठ लठ्ठ वास. चुंकाबाईनं बारीक डोळे आणखी बारीक केले आणि गोचिडाकडे नीट बघितलं. गोचीड म्हणजे काय? किडाच की. आणि चिचुंद्री काय खाते? सांग बघू.

गट्टम.

गोचीड गेला पोटात. अगं वेडे, इतकी वणवण केलीस, आणि शेवटचा हात तुझाच होता.

मग काय विचारता. शेळीनं पाय टेकला. दुखलाच नाही. शेळी गेली टप टप टप, मागून झुरळ उचलून चुंकाबाई तुरुतुरु, आणि शेळीनं हार खाल्ला मचक मचक मचक. नंबर दिसला. गोदाक्का पदर खोचून धावत आली, फोटो काढला, खिचिक. फोटो चौकीत पोचला, टिंग. भिसेमामांच्या मिशा थरथरल्या आणि शिट्टी वाजली, फुर्रर्र. शब्बीरचाचांनी बशी खाली ठेवली, क्रेन आणली. आकडा खाली आला, खळ खळ खळ. गाडी वर गेली, घर्रर्र, घर्रर्र.

चाक उचललं. दार उघडलं.

चुंकाबाईनं फटीत नाक घातलं. आतून एक नाक बाहेर आलं. मग दुसरं. मग तिसरं. मग चौथं.

आणि पाचवं?

चाचा वाकले. अक्का वाकली. मामा तर पोटावर आडवे झाले, मिशांना माती लागली. चुंकाबाईनं हाक मारली, चुंक. आतून उत्तर आलं, अगदी बारीक. चुंक. आणि टिकली बाहेर आली. डोक्यावर झेंडूची एक पाकळी. फटीतून पडलेली पाकळी पांघरून ती मजेत बसली होती. आईनं तिला नाकापासून शेपटीपर्यंत चाटून काढलं.

तेवढ्यात पोपटराव आले पळत, हातात पेढ्यांचा पुडा, छातीचा भाता झालेला. म्हणाले, अहो, पाच मिनिटांपुरती तर लावली होती.

भिसेमामा उठले. मिशा झटकल्या. म्हणाले, "पोपटराव, मिनिटं पाच तुमची. आणि ही पाच पिल्लं कुणाची?"

पोपटरावांनी खाली बघितलं. बघतच राहिले. मग फुटपाथवर मांडी घालून बसले, कान धरले, आणि एक पेढा चुरून चुंकाबाईपुढे ठेवला. टिकलीनं तो सगळ्यात आधी चाखला. एवढंसं नाक पेढ्यानं माखलं.

आता चुंकाबाईनं शेपूट मागे केली. पहिल्या पिल्लानं आईची धरली. दुसऱ्यानं पहिल्याची, तिसऱ्यानं दुसऱ्याची, चौथ्यानं तिसऱ्याची, आणि टिकलीनं चौथ्याची. निघाली माळ रस्त्यापलीकडच्या बागेत, झुरळाची मेजवानी करायला. मामांनी शिट्टी फुंकली, फुर्रर्र, आणि हात आडवा केला. रिक्षा थांबली. सायकल थांबली. लालभडक गाडी घेतलेली क्रेनसुद्धा थांबली. गाडी हवेत लोंबकळत होती आणि खालून एवढीशी माळ चालली होती. तुरुतुरु, तुरुतुरु.

दुसऱ्या दिवशी मामांनी पांढरा रंग आणला. फटीसमोर एक छोटा चौकोन काढला, आणि आत लिहिलं, इथे दार आहे. तिथे आजवर कुणी गाडी लावलेली नाही. पोपटराव तर लांबून वळसा घालून जातात.

गोष्ट आली शेपटीपाशी. धर माझ्या पदराचं टोक. धरलंस? घट्ट? मग चल माझ्या मागे, जेवायला. तुरुतुरु, तुरुतुरु.