पिल्लांनी खाल्लेली गोष्ट

एका डोंगराळ जंगलात, अर्जुनाच्या झाडाखालच्या बिळात एक सायाळ राहत असे. अंगभर काटे, पण मन लोण्यासारखे. तिला गोष्टी लिहिण्याचा भारी नाद. अंगावरून गळलेला काटा घ्यायचा आणि झाडाच्या सुटलेल्या सालीवर एकेक शब्द कोरायचा, असे तिचे लिहिणे चाले. दर वर्षी मोहाचा बहर सरला की सारे जंगल पाणवठ्यावरच्या काळ्या खडकाभोवती जमे आणि सायाळ खडकावर बसून नवी गोष्ट वाचून दाखवी. खडकावर बसण्याचा हा मान तिला जिवापाड प्रिय होता.

यंदा मात्र तिला दोन पिल्ले झाली होती, थोरली मुलगी आणि धाकटा मुलगा. एकाला निजवावे तर दुसरे उठे, दुसऱ्याला भरवावे तर पहिले बिळाबाहेर पसार होई. एके दिवशी बगळा मुद्दाम चौकशीला आला. "सायाळबाई, आता लिहिणं विसरा," तो मान वेळावत म्हणाला. "लिहायला शांतता लागते. मी बघा, तळ्याच्या मधोमध एका पायावर उभा असतो. यंदा खडकावर मीच बसेन म्हणतो." जंगलातली सर्वांत वडीलधारी म्हणजे म्हातारी हत्तीण. तिच्या कानावरही त्याने हे घातले. हत्तीण म्हणाली, "सभेच्या दिवसापर्यंत सायाळीची गोष्ट पुरी झाली नाही, तर खडक तुझा."

सायाळ घाबरली. तिने पिल्लांना मावशीकडे ठेवले आणि निवांत लिहायला बसली. पण पिल्ले जेवली असतील का, मावशीला त्यांचे काटे टोचले तर नसतील ना, याच विचारात दुपार झाली. एक शब्द लिहून होईना. शेवटी ती उठली आणि पिल्लांना घरी घेऊन आली. आल्या आल्या दोघांनी कोपऱ्यात पडलेले एक जुने, वाळके हाड ओढले आणि कुरतडत बसली. मुलांनो, सायाळीच्या पिल्लांना हाड कुरतडायला मिळाले की त्यांना दुसरे काही सुचत नाही. सायाळीने ते पाहिले आणि हळूच काटा उचलला.

त्या दिवसापासून तिचा नेमच झाला. सकाळी पिल्लांचे खाणे झाले की त्यांच्यापुढे हाड टाकायचे आणि कुरकुर ऐकू येते तोवर लिहायचे. कुरकुर थांबली की काटा खाली, मग ओळ अर्धी राहिली तरी बेहत्तर. कधी दोन ओळी होत, कधी जेमतेम एक शब्द. पण रोज काहीतरी होई, आणि दिवसभर पिल्लांमागे धावताना तिला त्याचा आनंद वाटे.

सभेचा दिवस उजाडला तेव्हा गोष्टीचा शेवट तेवढा राहिला होता. हाड संपले, तरी सायाळीचा हात थांबेना. "आई," धाकट्याने हाक मारली. "थांब रे राजा, एवढं एकच वाक्य," ती म्हणाली. वाक्य झाले, गोष्ट पुरी झाली. तिने मान वर केली, तर पिल्ले अगदी गप्प. मुले इतकी गप्प असली की आईने समजून जावे. सालीवर कोरलेले गोष्टीचे पहिले पान दोघांनी मिळून फस्त केले होते, मिशांना भुगा तेवढा राहिला होता. ती रागावली, मग रडली. पुन्हा कोरायला वेळ नव्हता. उरलेली पाने घेऊन ती तशीच सभेला गेली.

"पहिलं पान कुठे आहे?" बगळ्याने लगेच विचारले.

"पिल्लांनी खाल्लं," सायाळ खरे ते बोलली.

सगळे जंगल खो खो हसले. "बिनसुरुवातीची गोष्ट कसली?" बगळा म्हणाला आणि खडकाकडे निघाला. इतक्यात थोरली पुढे झाली आणि खणखणीत आवाजात म्हणू लागली, "एका डोंगराला एकदा फार खाज सुटली, पण खाजवायला त्याला हात नव्हते." ती अडखळली तिथे धाकट्याने पुढचे सांगितले. असे करत दोघांनी अख्खे पान म्हणून दाखवले. सायाळ बघतच राहिली. "तुम्हाला कसं येतं हे?"

"तू कोरताना मोठ्यानं म्हणतेस ना," थोरली म्हणाली. "आम्ही रोज ऐकतो."

मग सायाळीने पुढची पाने वाचली. हसणारे जंगल चिडीचूप झाले, आणि गोष्ट संपताच एकच जल्लोष उठला. हत्तीण बगळ्याकडे वळली. "तुझी गोष्ट?"

"सुरू करायची राहिली," तो पुटपुटला. "बेडूक फार ओरडतात."

"खडक सायाळीचाच," हत्तीण म्हणाली. "आणि पिल्लांनाही वर बसव गं."

सायाळीने दोघांना वर ओढून घेतले आणि मान ताठ करून बसली. आनंदाने तिच्या अंगावरचे सगळे काटे उभे राहिले, आणि त्या दिवशी कुणालाही त्यांची भीती वाटली नाही.

तात्पर्य : निवांत वेळेची वाट पाहणाऱ्याचे काम सुरूच होत नाही, मुलाबाळांच्या गलक्यात रोज थोडे थोडे करणाऱ्याचे काम पुरे होते, आणि मुलेही त्यात वाटेकरी होतात.