डॉक्टर डिलीट करताना

"पण सर, लाइव्ह डेटाबेसचा पासवर्ड मला का नाही?"

ओजसने हे विचारलं तेव्हा मुल्ला सर डबा उघडत होते. मिरजेतल्या एका डायलिसिस सेंटरचं सॉफ्टवेअर दोघंच सांभाळत. सर मुरलेले, ओजस नवा. त्याला ओआरएम या टूलचा भारी अभिमान. कोडमध्ये नुसतं 'डॉक्टर' म्हणायचं, डेटाबेसला काय सांगायचं ते ओआरएम परस्पर बघून घेतं! डेटाबेसची भाषा, एसक्यूएल, हाताने लिहिणाऱ्यांची त्याला कीव यायची.

"काम काय आहे?"

"एक डॉक्टर सोडून गेलेत, त्यांचं नाव काढायचंय. एका ओळीचं काम."

"ती ओळ डेटाबेसला काय सांगते?"

"ते ओआरएमला ठाऊक."

"आणि तुला?"

सरांनी डबा झाकला. "लाइव्हवर नको, डेटाबेसच्या कालच्या कॉपीवर चालव. ओआरएम आत काय बोलतं, ते स्क्रीनवर दिसू दे."

ओजसने हसत एंटर दाबलं.

आधी पेशंटच्या ॲलर्जींच्या नोंदी गेल्या. मग त्यांची औषधं. मग पेशंट. डॉक्टर सगळ्यात शेवटी गेले.

"सर... पेशंट कुठे गेले?"

"त्या डॉक्टरांच्या नावावर होते. त्यांच्याबरोबर गेले."

"मी असं सांगितलंच नव्हतं!"

"सांगितलं होतंस. आठव."

त्याला आठवलं. पूर्वी डॉक्टर डिलीट करताना एरर यायची, यांच्या नावावर पेशंट आहेत म्हणून. कटकट नको, म्हणून ओजससाहेबांनीच कोडमध्ये कॅस्केड लावलं होतं. एक काढलं की त्याला जोडलेलं सगळं जाऊ दे, असा त्याचा अर्थ. एरर गेली आणि साहेब खुशीत चहाला गेले.

काचेपलीकडे मशीन चालू होती. नर्स स्क्रीनकडे बघून एका बाईंचं इंजेक्शन भरत होती. त्या बाईंना काय चालत नाही, हे तिला लाइव्ह डेटाबेसला जोडलेली ती स्क्रीनच सांगायची.

ओजसने कीबोर्डवरचे हात काढून घेतले.

"हे लाइव्हवर झालं असतं तर..."

सरांनी काचेपलीकडे बोट दाखवलं.

"मला नको तो पासवर्ड, सर. तुमच्याकडेच ठेवा. मला भीती वाटते."

सर उठले. त्याच्या कानाशी वाकले आणि हळूच पासवर्ड सांगितला.

ओजस दचकून मागे सरकला. "नको म्हणतोय ना, सर! हात बघा माझे, कसे थरथरतायत..."

सरांनी बघितले.

"थरथरतायत तोवर तुझ्याकडे राहू दे."