गुळाचा खडा

सगुणाच्या घरात पीठ संपलं होतं, मीठ संपत आलं होतं, आणि आता मोरणी म्हैसही जायची होती.

"यंदा फुलांच्या दिवसांत ताक खपलं नाही, तर मोरणीला बाजार दाखवावा लागेल," आई म्हणाली. सगुणा मोरणीच्या गळ्यात पडून रडली. मोरणी रवंथ करत राहिली. म्हशींना वाईट बातमी उशिरा कळते.

त्यांच्या टाकेवाडीच्या वर पठार होतं. तिथे निळी, जांभळी, पिवळी, इवली इवली फुलं अशी लखलखायची, जणू कुणी खणाची चोळी उन्हात वाळत घातली आहे. ती बघायला शहरातून पाहुणे येत. एकदाच येत. परत कुणी फिरकत नसे. का, ते वाडीने कधी विचारलं नाही. वाडीला वाटायचं, पाहुण्यांनाच अक्कल नाही.

एका सकाळी सगुणा फुलांतला कचरा वेचत होती. कुणी सांगितलं नव्हतं. फुलं गुदमरतात, म्हणून वेचत होती. तेवढ्यात चिवड्याच्या एका पिशवीत काहीतरी चमचमलं. आत बोटभर परी. पंख तेलकट, केसांत शेंगदाण्याचं टरफल. सगुणाने फ्रॉकच्या टोकाने पंख पुसले, हळूच फुंकर घातली. पंख इंद्रधनुष्यासारखे उजळले.

"गुणाची गं बाई," परी म्हणाली. "तुला तीन इच्छा देते. एकेका इच्छेने तुझ्या वाडीचा एकेक दोष मी दूर करीन. पण दोष पाहुण्याने सांगायचा, आणि ऐकणाऱ्याने उलट बोलायचं नाही. उलट बोललं, की ती इच्छा फुस्स."

"एवढंच ना?" सगुणा म्हणाली. लहान होती बिचारी. मोठी माणसं अजून तिला ठाऊक नव्हती.

दुपारी पाहुणे आले. चष्मेवाल्या काकू म्हणाल्या, "वाटेवर काटे फार हो."

वाडीचे कारभारी आबा झोरे उठलेच. "काटे करवंदीचे आहेत, आमचे नाहीत. आणि तुम्हाला साडी नेसून डोंगर चढायला कुणी सांगितलं?"

फुस्स. सगुणाच्या कानाशी एक जांभळा बुडबुडा फुटला.

"झऱ्यापाशी शेणच शेण आहे," काकूंबरोबरचे काका म्हणाले.

भागूआत्याने कमरेला पदर खोचला. "म्हशीला काय सांगू, पाहुणे यायचेत, दाबून धर?"

फुस्स.

आता एकच इच्छा उरली. सगुणाच्या आईने काकूंपुढे गूळ-पाणी ठेवलं, ताकाचा पेला दिला. काकूंनी घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "आंबट आहे हो. दात आंबले माझे."

आईच्या ताकाला नावं ठेवते ही? सगुणाच्या जिभेवर असं काही आलं की सांगायची सोय नाही. आईचंही तोंड उघडलं, आबांचंही. सगुणाने पाहुण्यांच्या ताटलीतला गूळ उचलला. एक खडा आईच्या तोंडात, एक आबांच्या, एक स्वतःच्या.

तिघं गाल फुगवून गप्प. कुणी भांडत नाही बघून काकू पुढे बोलल्या. "चव झकास आहे. पण मडकं उन्हात ठेवलंय ना, म्हणून आंबतं. गार असतं तर दोन पेले प्याले असते मी."

गूळ विरघळेपर्यंत रागही विरघळला. "बरं झालं सांगितलंत," आई म्हणाली.

तोच मडक्याभोवती सरसर एक वेल चढली. हिरवी पानं, जांभळ्या चांदण्यांसारखी फुलं, आणि गारेगार सावली. काकू खरंच दोन पेले प्याल्या.

आबा खाकरले. "ते काट्यांचं परत सांगा बरं." त्यांनी नवा खडा तोंडात टाकला, सगळं ऐकलं, आणि कोयता घेऊन निघाले. मागून भागूआत्या पाटी घेऊन शेण उचलायला. इच्छा संपल्या होत्या, हात होते ना.

तेव्हापासून टाकेवाडीत पाहुण्याला पाणी देतात आणि गूळ आपणच खातात. पाहुणे परत येतात, शेजाऱ्यांना घेऊन येतात. ताक पुरत नाही. मोरणी गोठ्यातच आहे, रवंथ करते आहे.

फुलं सरत आली, तशी परी निरोप घ्यायला आली. "मीही बाहेरचीच," ती नाजूक आवाजात म्हणाली. "जाता जाता एक सांगू?"

"सांग की," आबा म्हणाले.

"आबा, तुम्ही दुपारी पठारावर घोरता, तेव्हा फुलं घाबरून मिटतात."

आबांचं तोंड उघडलं. सगळी वाडी त्यांच्याकडे बघत राहिली. आबांनी निमूट खिशात हात घातला.

परी खुदकन हसली. सोनेरी, गुलाबी, झगमग प्रकाश झाला आणि ती त्यात विरून गेली.

आबांचा खडा मात्र विरायला वेळ लागला. मोठा घेतला होता त्यांनी.