येते

ऐकणाऱ्यांनो, तुमच्या दारातून पाहुणा निघाला आणि "येतो" म्हणाला, तर तुम्ही त्याला काय म्हणता? "या" म्हणता ना? "जा" तर कोणीच म्हणत नाही. मग ऐका.

एका राज्यात वज्रसेन नावाचा राजा होता. त्या राज्याचा विस्तव एका मांत्रिकाच्या फुंकरीवर जगत असे. मांत्रिकाचे नाव ज्वालाधर. तो दूरच्या काळ्या डोंगरात राही, वर्षातून एकदा राजवाड्यात येई, मुदपाकखान्यातल्या थोरल्या चुलीत फुंकर घाली, आणि तेवढ्यावर साऱ्या राज्यातल्या चुली, शेगड्या, समया वर्षभर पेटत. फुंकर घालून झाली की तो दूधभात जेवे, हात धुई आणि म्हणे, "राजा, येतो." राजा म्हणे, "या." एवढेच त्यांचे बोलणे. वज्रसेनाच्या आजाच्या काळापासून असेच चालत आले होते.

एका वर्षी राजा सोंगट्या खेळत होता. डाव रंगात आला होता. ज्वालाधर उंबऱ्यापाशी उभा राहून म्हणाला, "राजा, येतो." राजाने मान वर केली नाही. हात हलवून तो म्हणाला, "जा."

मांत्रिक म्हणाला, "जातो. माझ्याबरोबर आले ते माझ्याबरोबर जाईल. आणि ज्या तोंडाने जा म्हटले, ते तोंड आता दुसरे काही बोलणार नाही."

तो गेला, आणि राज्यातला विस्तव गेला. चुलीवरची भाकरी अर्धी कच्ची राहिली. कुंभाराची भट्टी गार पडली. गारगोटीवर गारगोटी घासून माणसांची बोटे सोलली, पण ठिणगी पडेना. राजाने घाबरून प्रधानाला हाक मारली, तर तोंडातून निघाले, "जा." राणीला म्हणाला, "जा." ताट आणणाऱ्याला म्हणाला, "जा." तीन दिवस राजा उपाशी राहिला, तेव्हा कुठे लोकांच्या ध्यानात आले.

विस्तव कोण परत आणतो, अशी प्रधानाने दवंडी पिटवली. नगराचा कोतवाल वीस घोडेस्वार घेऊन डोंगराकडे गेला आणि परत आला तो डोक्याचे केस कापसासारखे पांढरे होऊन. तिथे काय झाले ते सांगेना. कोणी फार विचारले की म्हणे, घोडा लंगडत होता.

त्या नगरात म्हाळसाबाई नावाची सुईण राहत होती. मिशा फुटलेली पोरे रस्त्यात तिला वाकून नमस्कार करत, कारण ती सगळी तिच्याच हातांवर जन्मली होती. तिच्या हातांना जन्मतः ऊब होती. रडणारे मूल तिने हातात घेतले की गप्प होई. बाळंतपण उरकून निघताना ती प्रत्येक घराच्या उंबऱ्यावर म्हणे, "येते हं," आणि पाचवीला, बारशाला, पुढच्या बाळंतपणाला ती येईच.

थंडीचे दिवस सुरू झाले. बाळंतिणीला शेक मिळेना, बाळाला ऊन पाणी मिळेना. पिंजाऱ्याचे नवे मूल म्हाळसाबाईने दोन दिवस पोटाशी धरून ठेवले, तेव्हा ते वाचले. पण तिला हात दोनच, आणि गावात गरोदर बाया पुष्कळ. त्यांतली एक तिची स्वतःची लेक चिमा. चिमाचे दिवस भरत आले होते.

एका सकाळी म्हाळसाबाईने लुगड्याचा काष्टा घट्ट केला आणि ती लेकीला म्हणाली, "विस्तव आणायला निघते."

"कोतवालाला जमले नाही ते तुला जमणार?" चिमाने विचारले.

"कोतवालाला कुठे कोणाचे बाळंतपण करायचे आहे?" म्हाळसाबाई म्हणाली. "येते हं."

वेशीबाहेर बाभळीवर एक काळा, लांब शेपटीचा पक्षी बसला होता. तो माणसासारखा बोलला. म्हणाला, "बाई, वाट मला माहीत आहे. मी कोतवाल पक्षी."

"आमच्या गावातही एक कोतवाल आहे," म्हाळसाबाई म्हणाली. "तोही असाच उंचावर बसून बोलतो. पण तू का वाट दाखवशील?"

पक्षी म्हणाला, "गवताला आग लागली की किडे उडतात, आणि ते मी खातो. आता आग नाही, किडे उडत नाहीत. मी उपाशी आहे."

तिला ते पटले. पक्षी पुढे आणि ती मागे, अशी दोघे निघाली. ऊन कलले तेव्हा काळा डोंगर आला. डोंगरात गुहा होती आणि गुहेला एकामागे एक तीन उंबरे होते.

पहिल्या उंबऱ्यावर दगडी हत्ती उभा होता. तो म्हणाला, "पुढे जायचे तर केसांचा काळा रंग दे." म्हाळसाबाईने डोक्यावरचा पदर मागे सारला. हत्तीने सोंड फिरवली, आणि तिचे केस पांढरे झाले. ती आत पाऊल टाकताना सवयीने म्हणाली, "येते हं." हत्तीचा दगडी कान हलला. आजवर त्याला असे कोणी म्हटले नव्हते.

दुसऱ्या उंबऱ्यावर नागीण होती. ती म्हणाली, "पुढे जायचे तर गळ्यातला गोडवा दे." म्हाळसाबाईला पाळण्याची गाणी आठवली. तिने मान डोलावली. नागिणीने फूत्कार टाकला, आणि म्हाळसाबाईचा आवाज घोगरा झाला. त्या घोगऱ्या आवाजातच ती म्हणाली, "येते हं."

तिसऱ्या उंबऱ्यावर कोणीच नव्हते. उंबराच बोलला, "पुढे जायचे तर हातांची ऊब दे."

आता ती थांबली. केसांचे काय, ते आज ना उद्या पिकायचेच. गाणे दुसरे कोणी म्हणेल. पण ऊब गेल्यावर ती सुईण कसली? पक्षी म्हणाला, "बाई, अजून मागे फिरता येईल." म्हाळसाबाई खाली वाकली आणि तिने दोन्ही तळवे उंबऱ्यावर टेकवले. ऊब दगडात उतरली. हात गार पडले, पहाटेच्या पाण्यासारखे गार. उठताना ती म्हणाली, "येते हं."

आत ज्वालाधर धुनीपाशी बसला होता. तो म्हणाला, "बाई, माझ्या उंबऱ्यांवर तू तीनदा येते म्हणालीस. का?"

"सवय, महाराज."

"माझ्याकडे शब्द सवयीने चालत नाहीत. विस्तव हवा ना? मग ऐक. निघताना जाते म्हणालीस तर तू मोकळी, पण निखारा विझेल. येते म्हणालीस तर निखारा पोहोचेल, साऱ्या चुली पेटतील. पण उद्या सूर्य मावळायच्या आत तुला परत यावे लागेल. मग इथून निघणे नाही. आली नाहीस तर चुली पुन्हा विझतील, त्या कायमच्या."

म्हाळसाबाईने विचारले, "दुसरा शब्द नाही?"

"नाही."

तिने ओंजळ पुढे केली. मांत्रिकाने धुनीतला निखारा उचलून तिच्या ओंजळीत ठेवला. हात गार होते, म्हणून निखारा पोळला नाही. ती उंबऱ्यापाशी गेली, वळली, आणि या वेळी जाणूनबुजून म्हणाली, "येते."

उजाडता उजाडता ती नगरात पोहोचली. पहिले घर राही कुंभारणीचे. तिची चूल पेटली. मग शेजारची. म्हाळसाबाई घरोघर गेली, निखारा चुलीला टेकवत गेली, आणि निखारा काही कमी झाला नाही. प्रत्येक उंबऱ्यावरून निघताना तोंडातून आपोआप निघाले, "येते हं." शेवटी निखारा स्वतःच्या चुलीत ठेवून ती बसली, तर आत चिमा कळा देत होती.

राही कुंभारीण मागोमाग आली होती. म्हाळसाबाई बाजूला बसून तिला सांगत गेली, आणि राहीने बाळंतपण केले. मुलगी झाली. शेगडी पेटली, शेक मिळाला. राहीने बाळ आजीपुढे धरले.

म्हाळसाबाईने हात मागे घेतले. "नको. माझे हात गार आहेत."

मग तिने सगळे सांगितले. चिमा रडली, नको म्हणाली. म्हाळसाबाई म्हणाली, "गेले नाही तर तुझ्या पोरीची शेगडी विझेल. सगळ्यांच्याच विझतील." दुरूनच तिने नातीला डोळे भरून पाहिले, "येते हं" म्हणायला तोंड उघडले, आणि ती काही न बोलता निघाली.

ती वेशीपर्यंत पोहोचली नाही तोच राहीने गल्लीत हाळी दिली. ती काय म्हणाली कोण जाणे, पण पिंजारी हातातली कापूस पिंजायची धनुकली टाकून निघाला. कुंभार निघाला, तेलीण निघाली, पोटुशी नव्हत्या त्या सगळ्या बाया निघाल्या. कोतवाल म्हणाला, घोडा लंगडतो आहे. राही म्हणाली, मग पायी चला. तो पायी निघाला. सर्वांच्या मागे डोक्यावर पाट आणि हातात तांब्या घेऊन एक माणूस अनवाणी चालत होता. तो कोणाशी बोलत नव्हता. तो राजा वज्रसेन होता.

सूर्य डोंगराला टेकला तेव्हा म्हाळसाबाई धुनीपाशी उभी राहिली. "आले, महाराज."

ज्वालाधर म्हणाला, "आलीस. बस."

तेवढ्यात गुहेत पावले वाजली. माणसे आत येऊ लागली. एकेकाने हत्तीला केसांचा काळा रंग दिला होता, नागिणीला गळ्याचा गोडवा दिला होता, उंबऱ्याला हातांची ऊब दिली होती. कोतवालाकडे द्यायला काळे केस उरलेच नव्हते, म्हणून हत्तीने त्याच्या मिशा घेतल्या. पांढऱ्या डोक्यांनी गुहा भरली.

ज्वालाधर म्हणाला, "तुम्हाला कोणी बोलावले?"

राही पुढे झाली. तिचा आवाज घोगरा झाला होता. "कोणी नाही. आम्ही म्हाळसामावशींना न्यायला आलो आहोत. त्या आज सकाळी माझ्या उंबऱ्यावरून येते म्हणून निघाल्या, आणि अजून आल्या नाहीत."

"ती मला येते म्हणाली होती."

"तुम्हाला म्हणाल्या, त्या आल्या. झाले. आता आमचे राहिले आहे. माझ्या घरी म्हणाल्या, ह्या पिंजाऱ्याच्या घरी म्हणाल्या, साऱ्या नगरात म्हणाल्या. तुमच्याकडे शब्द सवयीने चालत नाहीत म्हणे. मग आमचे शब्द कुठे टाकायचे?"

मांत्रिकाने म्हाळसाबाईला विचारले, "हे खरे?"

"खरे. फक्त आज निघताना लेकीला म्हटले नाही," ती म्हणाली. "तिथे धीर झाला नाही."

धुनी फुरफुरली. ज्वालाधर हळू आवाजात म्हणाला, "एवढ्या उंबऱ्यांवर तुझी वाट पाहतात. माझी एकाच उंबऱ्यावर पाहत होते. म्हणून मी दरसाल यायचो."

तेव्हा मागून राजा पुढे आला. तोंड उघडले तर जा निघेल, हे त्याला ठाऊक होते. म्हणून त्याने ओठ घट्ट मिटले, पाट मांडला, हाताने खूण करून मांत्रिकाला त्यावर बसवले आणि तांब्यातले पाणी त्याच्या पायांवर घातले. स्वतःच्या उपरण्याने पाय पुसले.

ज्वालाधर पाटावरून उठला. राजासमोर उभा राहून त्याने तेच शब्द पुन्हा उच्चारले. "राजा, येतो."

राजाने मान वर करून मांत्रिकाच्या डोळ्यांत पाहिले आणि तो म्हणाला, "या."

शाप तुटला. तिसऱ्या उंबऱ्यातून ऊब निघाली आणि ज्याची त्याच्या हातांत गेली. नागिणीने गळ्यांचा गोडवा परत केला. केसांचा काळा रंग मात्र हत्तीने तेव्हाच खाऊन टाकला होता, तो काही मिळाला नाही. त्या राज्यात पुढे कितीतरी वर्षे ते पांढरे केस दिसले की लोक उठून जागा देत. कोतवालालाही देत, आणि तो मुकाट बसत असे. काळ्या पक्ष्याने परतीच्या वाटेवर पोटभर किडे खाल्ले, कारण माणसांनी मशाली पेटवल्या होत्या.

गुहेतून निघताना म्हाळसाबाई वळून म्हणाली, "येते हं."

ज्वालाधर म्हणाला, "ये बाई. घाई नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हाळसाबाईने चुलीवर पाणी तापवले, ती पाटावर पाय लांब करून बसली, आणि नातीला पायांवर घेऊन स्वतःच्या हातांनी न्हाऊ घातले.